पाऊस नाही, तरी मोहोर काळा: गोराईच्या वाडीतलं एक जुनं दुखणं

आधी तक्रार नेमकी सांगते. गोराईला सासऱ्यांची छोटी वाडी आहे, त्यात हापूसची अकरा कलमं. डिसेंबर संपता संपता बोंगे (मोहोराचे कोंब) फुटतात, जानेवारीत झाडं मोहोरानं लगडतात आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत निम्म्याहून जास्त मोहोर काळा पडून हातात येतो. दांडीला बोट लावलं की चुरा. औषध मारूनही आणि पावसाचा टिपूस नसतानाही. 2022 पासून लागोपाठ तीन हंगाम हेच.

आम्ही राहतो बोरिवलीला. वाडीत जायचं म्हणजे खाडी ओलांडायला बोट आणि पुढे रिक्षा. मी बँकेत, नवरा रेल्वेत, त्यामुळे वाडीचं जे काही करायचं ते रविवारी. हा रविवार पुढे या गोष्टीत आरोपी म्हणून उभा राहणार आहे.

सासऱ्यांचं निदान ठरलेलं असायचं: "हवा फिरली." हवा फिरली म्हणजे काय, हे विचारलं की ते आकाशाकडे बघायचे. आमच्या डोक्यात मात्र हवा म्हणजे पाऊस. त्याला कारणंही होती. 2017 च्या डिसेंबरात ओखी वादळाचा पाऊस मुंबईत झाला, 2021 च्या डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत तर पावसाळ्यासारखा पडला. त्यामुळे हिवाळ्यात ढग दिसले की आम्ही पंप भरायचो आणि आकाश निरभ्र असलं की निर्धास्त. नंतर कळलं की यातला दुसरा भाग साफ उलटा होता.

गाठ सोडवली ती माझ्या भाच्यानं. तो कॅलिफोर्नियात सेंट्रल व्हॅलीमध्ये बदामाच्या बागांतल्या रोगांची पाहणी करतो. मशीद बंदरात पोत्यांवर कॅलिफोर्निया लिहिलेला जो बदाम मिळतो, तो तिथलाच. जगातला सुमारे 80 टक्के बदाम त्या एका राज्यात पिकतो. फोनवर रडगाणं गायला लागले तर म्हणाला, "मावशी, पाऊस किती पडला ते राहू दे. मोहोर किती तास ओला असतो?"

मला सांगताच येईना. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात हे माहीत होतं. ओलावा तासांत मोजायचा असतो, हे पहिल्यांदाच ऐकलं.

बदामाच्या बागेतलं गणित

त्यानं जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते, कारण त्यातूनच माझा धागा लागला.

बदामाचं झाड फेब्रुवारीत फुलतं, पान यायच्या आधी. तिथला पावसाळा म्हणजे हिवाळा, तेव्हा फूल उमलतं तेच नेमकं पावसाच्या तोंडावर. कळी गुलाबी दिसायला लागल्यापासून झाड पूर्ण फुलेपर्यंतचा काळ सगळ्यात नाजूक. तेव्हा फुलं भिजून राहिली तर ब्राऊन रॉट नावाची बुरशी फुलात शिरते, फुलातून डहाळीत उतरते, डहाळी वाळते आणि तिथून डिंक गळतो. पाकळ्या गळताना थंड आणि ओली हवा टिकली, तर बाळफळाला चिकटून राहिलेलं फुलाचं टरफल कुजतं आणि सोबत फळही नेतं. शॉट होल हा तिसरा. पानांवर छर्रे मारल्यासारखी भोकं पडतात. त्याचे बीजाणू पाण्याच्या शिंतोड्यांनीच पसरतात आणि रुजायला बराच वेळ पान ओलं लागतं. 2023 चा फेब्रुवारी-मार्च तिथे असाच थंड, पावसाचा गेला. फुलोऱ्यात मधमाश्यासुद्धा धड फिरल्या नाहीत.

इथपर्यंत सगळं पावसाच्याच हिशोबात बसत होतं. मग त्यानं अल्टरनेरिया नावाच्या बुरशीचा किस्सा सांगितला. हा पानांवरचा डाग जून-जुलैत येतो, जेव्हा त्या खोऱ्यात पाऊस जवळजवळ नसतोच. तरी पानं गळून झाडं उघडी पडतात. कुठल्या बागांत? जिथे झाडं दाट, वारा कोंडलेला, सिंचनामुळे खाली जमीन सतत ओली आणि पहाटे दव. पाऊस शून्य, रोग पूर्ण.

मी फोन कानाला लावून गॅलरीत उभी होते. जानेवारीची सकाळ. खाली पार्किंगमध्ये एकजण गाडीच्या काचेवरचं पाणी वायपरनं पुसत होता. रात्रभरात थेंबही पडला नव्हता.

आधी ओळख पटवा

दवाकडे वळण्याआधी एक कबुली. तीन वर्षं आम्ही काळ्या मोहोराला सरसकट 'करपा' म्हणत होतो. पुढच्या रविवारी भिंग आणि ओला रुमाल घेऊन गेले, तर एकाच वाडीत तीन वेगळी दुखणी निघाली.

ओल्या रुमालानं पुसलं आणि काळं निघून गेलं, खाली हिरवी दांडी दिसली, बोटाला चिकट लागलं, तर ती काजळी. तुडतुडे मोहोरातला रस पितात, गोड चिकटा टाकतात, त्यावर काळी बुरशी वाढते. इथे बुरशीनाशक मारून उपयोग नाही, मूळ कारण किडा आहे.

दांडीवर, फुलांच्या देठांवर पीठ भुरभुरल्यासारखं पांढरट आवरण, नंतर तो भाग तपकिरी होऊन झडतो, तर ती भुरी. आणि पुसून न जाणारे, आत दबलेले काळे ठिपके, जे वाढत वाढत एकमेकांना मिळतात आणि फुलं जळाल्यासारखी करतात, तो खरा करपा. हा करपा करणारी बुरशी आणि बदामावरच्या अँथ्रॅक्नोज नावाच्या रोगाची बुरशी एकाच कुळातली, कोलेटोट्रिकम. भाच्याला फोटो पाठवल्यावर त्याचा आवाज खुलला, जणू गावाकडचं कुणी भेटलं.

हे वेगळं ओळखायचं कारण असं की तिघांना लागणारी हवा वेगळी. करप्याला पाणी हवं. त्याचे बीजाणू चिकट असतात, शिंतोड्यांनी उडतात, आणि साधारण 25 ते 30 अंशांच्या उबेत मोहोर दहा-बारा तास ओला राहिला तर त्यांचं काम होतं. थंडी असली तर त्यांना जास्त वेळ लागतो. भुरीचं उलटं. तिचे बीजाणू वाऱ्यावर उडतात, रुजायला पाण्याचा थर लागत नाही. नुसती दमट हवा, गार रात्र आणि कोरडा दिवस पुरतो. किंबहुना पाण्यानं ती धुऊन निघते. तुडतुड्यांना ढगाळ, दमट, कोंदट हवा मानवते. म्हणजे "हवा फिरली" हे सासऱ्यांचं वाक्य बरोबर होतं, फक्त कुठल्या दिशेला फिरली ते विचारायचं राहून गेलं होतं.

आमच्या अकरा झाडांपैकी सात झाडांवर मुख्यतः करपा होता. आणि ही सातही झाडं वाडीच्या पूर्वेकडच्या अंगाला.

तास मोजले

यंत्र नव्हतं. वाडीत राखणदार काका राहतात, त्यांना विनंती केली. रोज सकाळी सात, आठ, नऊ आणि दहा वाजता झाडांच्या मोहोरावर टिश्यू पेपर हलकेच दाबायचा, ओला झाला का ते बघायचं, व्हॉट्सॲपवर फक्त 'ओलं' किंवा 'कोरडं' पाठवायचं. झाडाच्या बाहेरून एकदा, आतून एकदा. काकांना आधी हे पोरखेळ वाटलं. पंधरा दिवसांनी तेच मला सांगायला लागले, "ताई, आज दव नाय, मतलई सुटलाय."

मतलई वारे शाळेत भूगोलात वाचले होते, रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे. त्यांचा आणि मोहोराचा संबंध इथे कळला. रात्री मतलई नीट वाहत राहिला की मोहोर कोरडा. वारा पडला आणि आभाळ निरभ्र असलं की पहाटे दोन-अडीचपासून थेंब धरायला सुरुवात. निरभ्र रात्री पान आपली उष्णता सरळ आकाशात सोडतं आणि आसपासच्या हवेपेक्षाही गार होतं, म्हणून त्यावर पाणी जमतं. ढग असले तर ते गोधडीसारखे काम करतात आणि दव कमी पडतं. म्हणजे ज्या रात्री आम्ही "आभाळ स्वच्छ आहे" म्हणून निवांत झोपायचो, नेमक्या त्याच रात्री मोहोर भिजत होता. ढगाळ हवा निरुपद्रवी असते असं मात्र नाही. रात्री दव पडून दिवसा ढग आले, तर वाळायला दुपार होते.

हवामानाच्या ॲपवर तापमानाच्या खाली कुठेतरी 'दवबिंदू' असा आकडा असतो, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं बाष्प पाणी होऊन जमू लागतं ते. मी तो कधी पाहिलाच नव्हता. आता रोज रात्री बघते. पहाटेचं किमान तापमान आणि दवबिंदू यांत दोनेक अंशांचंच अंतर असेल, वारा नसेल, आभाळ मोकळं असेल, तर दव धरून चालायचं. ॲप बहुधा सांताक्रूझचे आकडे देतं आणि वाडी आहे खाडी आणि समुद्राच्या मध्ये, तेव्हा वाडीत ओलावा जास्तच.

टिश्यूच्या नोंदींवरून पश्चिमेकडची चार झाडं साडेआठपर्यंत वाळत होती. दव दोनला धरलं तर साडेसहा तासांचा ओलावा, जानेवारीच्या सतरा-अठरा अंशांत. त्यानं करपा इतका भडकायला नको. पूर्वेकडची सात झाडं मात्र दहा वाजताही आतून ओली. आणि सकाळी सातला नुसती दमट नव्हे, निथळत असायची. दवानं एवढं निथळत नाही. म्हणून एका संध्याकाळी न सांगता गेले.

पाऊस आम्हीच पाडत होतो

पूर्वेच्या कुंपणापलीकडून रस्ता जातो. वाहनांची धूळ उडते, पानं मळकट होतात. काका रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास नळीचं तोंड बोटानं दाबून जोरदार फवारा मारत ती सात झाडं धुऊन काढत होते. मोहोरासकट. प्रेमानं. "पाणी मारलं की झाड कसं ताजं दिसतं."

संध्याकाळी सहाला भिजलेला आतला मोहोर रात्रीच्या दमट हवेत वाळायचा नाही, त्यावर पहाटे दव, आणि वाळायला सकाळचे दहा. सोळा तास. वर नळीच्या माऱ्यानं एका काडीवरचे बीजाणू दुसऱ्या काडीवर. करप्याला जे अवकाळी पावसाकडून मिळायचं, ते आम्ही नियमानं रोज पुरवत होतो, तेही मीटरचं पाणी.

भाच्याला सांगितलं तर त्याला नवल वाटलं नाही. तिथेही तुषार सिंचनाचं पाणी झाडाच्या खालच्या फांद्यांवर उडालं की शॉट होल त्या फांद्यांवर जास्त दिसतो. पाण्याचा कोन खाली करणं हाच पहिला उपाय. काकांना दोष देण्यात अर्थ नव्हता. आम्ही रविवारचे पाहुणे, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

दुसरं कारण त्याच बाजूला उभं होतं. कुंपणालगत शेजाऱ्यांचं बदामाचं भलंमोठं झाड आहे. हा आपला देशी बदाम, मुंबईत शाळांच्या मैदानांत, चाळींच्या अंगणांत असतो तो. कॅलिफोर्नियाच्या बदामाशी याचं नाव सोडून काही नातं नाही. तो खरा बदाम पीच आणि प्लमच्या घराण्यातला, त्याला हिवाळ्यात पुरेशी थंडी लागते, मुंबईत तो फळणार नाही. पण माझ्या गोष्टीत दोन्ही बदाम यावेत हा योगायोग मला आवडला. या झाडाच्या फांद्या मजल्यामजल्यांनी आडव्या पसरतात आणि पानं ताटाएवढी, त्यामुळे सकाळचं ऊन आमच्या सात कलमांवर साडेनऊशिवाय येतच नव्हतं. जानेवारीच्या शेवटाला त्याची पानं लाल होऊन गळतात. तेव्हा जुने फोटो काढून पाहिले. त्याच कलमांवर फेब्रुवारीत उशिरा आलेला मोहोर दर वर्षी बराच स्वच्छ राहिलेला दिसला. आम्ही त्याचं श्रेय औषधाला देत होतो.

आणि तिसरा तो रविवार. रविवारी सकाळची पहिली बोट, आठला वाडीत, साडेआठला फवारणी. म्हणजे दवानं ओथंबलेल्या मोहोरावर औषध. अर्धं पातळ होऊन ओघळून जाणार. शिवाय आंब्याचं परागीकरण मुख्यतः माश्या करतात आणि सकाळीच त्या मोहोरावर असतात. बदामाच्या बागांत तर फुलोऱ्यात देशभरातून मधाच्या पेट्या आणतात, म्हणून बुरशीनाशकही दुपार कलल्यावर, मधमाश्या परतल्यावर मारतात. आमच्याकडे हवामान काय आहे यापेक्षा सुट्टी कधी आहे यावर फवारणी ठरत होती. एकदा तर बुधवारी रिमझिम झाली आणि आम्ही रविवारी मारलं. बीजाणू मोहोरात शिरून चार दिवस झाले होते. आमच्याकडची साधी औषधं दार उघडण्याआधी कडी घालणारी, चोर घरात शिरल्यावर त्यांचा फारसा उपयोग नाही.

मग काय केलं

नळी बंद. धूळ बसावी म्हणून पाणी आता रस्त्यालगतच्या मातीवर मारतात, झाडावर नाही, आणि तेही सकाळी. हा उपाय फुकट होता आणि सगळ्यात मोठा फरक यानंच पडला.

बदामाच्या फांद्या छाटायला शेजाऱ्यांची संमती घेतली आणि महापालिकेकडे रीतसर अर्ज केला. शहरात झाड तोडायलाच नव्हे, छाटायलाही परवानगी लागते, रात्रीत कोयता चालवू नका. परवानगी येईपर्यंत हंगाम निम्मा सरला, पण पुढच्या वर्षी ऊन आठलाच आलं. आमच्या कलमांचीही आतली दाटी, सुकलेल्या काड्या आणि गेल्या वर्षीचे काळे मोहोराचे सांगाडे काढून जाळले. करप्याची बुरशी अशाच मेलेल्या काड्यांवर वर्ष काढते. बदामवाले हिवाळ्यात झाडावर राहिलेली वाळकी फळं झोडपून पाडतात, त्यामागेही हाच एक हेतू असतो.

फवारणी रविवारवरून हवामानावर आणली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक आहे, ते आधार म्हणून ठेवलं. बोंगे फुटताना एक, मग पंधरवड्याच्या अंतरानं. पण त्या पंधरवड्यात पाऊस किंवा सलग ओल्या रात्रींचा अंदाज आला, तर तारीख अलीकडे ओढायची. सलग चार-पाच कोरड्या मतलई रात्री असतील तर थांबायचं. वेळ दुपारी चार-साडेचारची, म्हणजे दव धरायच्या आत औषध वाळतं. तेव्हा समुद्रावरून येणारा खारा वारा जोरात असेल तर मात्र औषध शेजारच्या अंगणात जातं, म्हणून तो मंदावेपर्यंत काकांनी थांबायचं. काकांना पंप, मास्क आणि हातमोजे देऊन तयार केलं, बोटीची वाट बघायची गरज संपली. एकच बुरशीनाशक परत परत वापरत नाही, नाहीतर बुरशी त्याला सरावते. मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक टाळतो.

पहिल्या वर्षी एक गंमत झाली. करपा खूप कमी झाला आणि भुरी वाढली! जानेवारीत थंडीचा कडाका आला, चार-सहा दिवस पहाटे पंधराच्या आसपास, आणि त्याच सात झाडांवर पांढरं पीठ. नळीच्या पाण्यानं करपा वाढवला होता, पण भुरी धुतलीही होती. आता थंडीची लाट येणार म्हटलं की पाण्यात मिसळणारं 80 टक्क्यांचं गंधक, दहा लिटरला 20 ग्रॅम. पण गंधक मुंबईच्या फेब्रुवारीत जपून. दुपारी पारा पस्तिशीला टेकतो, तेव्हा गंधकानं मोहोर भाजतो. उन्हाचा चटका सुरू झाला की आम्ही ते बंद करून हेक्झाकोनॅझोल या बुरशीनाशकाकडे वळतो, डब्यावरच्या प्रमाणात.

करप्याबद्दल आणखी एक. मोहोर वाचला म्हणजे सुटलो असं नाही. बुरशी वाटाण्याएवढ्या कैरीत शिरून गप्प बसते, फळ हिरवं असेपर्यंत काही दिसत नाही. मे महिन्यात आढी (आंबे पिकवायची गवताची रास) उघडली की सालीवर काळे डाग. आम्ही वर्षानुवर्षं आढीतल्या गवताला आणि उकाड्याला नावं ठेवत होतो. डाग पडलेल्या आंब्यांची नोंद आता झाडवार ठेवते, आणि जानेवारीत ज्या झाडाच्या पुढे 'ओलं' जास्त वेळा लिहिलंय, त्याच झाडाचे डाग मे महिन्यात जास्त निघतात.

गेल्या हंगामात सातपैकी सहा झाडांनी पश्चिमेकडच्या झाडांइतकीच फळं धरली. सातवं, विहिरीजवळचं, अजून ऐकत नाही. दहा वाजताही त्याचा आतला टिश्यू ओला येतो. विहिरीच्या कठड्यामुळे तिथे वारा अडतो असा काकांचा संशय आहे, माझा संशय बाजूच्या केळींच्या दाटीवर. येत्या ऑक्टोबरात केळी काढतोय, कठडा राहू देतोय.